फेट्यातली वायर

माझी पेटी कंपनीची नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात नवा माणूस आला की त्याला पहिल्यांदा हेच सांगितलं जायचं: लाउडस्पीकर आहे, पण घरी बनवलेला आहे. सांगणारा तोंड वाकडं करून सांगायचा. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. पेटी मी माझ्या हातानं जोडली होती, पत्र्याच्या जुन्या ट्रंकेत. तिच्यातला एक एक सांधा कुठं आहे ते मला माझ्या दातांसारखं माहीत होतं. कंपनीची पेटी घेणाऱ्याला आपल्या पेटीत काय आहे हेच ठाऊक नसतं. तिला मागून लाखेचं सील. सील तोडलं की कंपनी हात वर करते. म्हणजे पेटी घेतली यानं आणि मालक राहिला दुसराच. असली मालकी मला नको होती.

शाळा मी तिसरीत सोडली. वाचता येतं, लिहिणं हे असं येतं, आकडे मात्र पक्के. रेडिओचं काम शिकलो ते परभणीला, एका उस्तादाच्या दुकानात. दुकान म्हणजे काय, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. पण तिथं एक जाड वही होती. उस्तादांनी त्यात पेट्यांचे नकाशे हातानं काढून ठेवलेले. कुठली तार कुठं जाते, कुठला तुकडा कुठं बसतो, सगळं. ज्याला पाहिजे त्यानं बसावं आणि उतरवून घ्यावं. तू कुणाचा, कुठल्या गावचा, असं कुणी विचारत नव्हतं. अट एकच होती. घरी जाऊन पेटीत काही सुधारणा केली तर परत येऊन त्या नकाशाच्या कडेला लिहायची. चुकलं असेल तर चूक बी लिहायची, म्हणजे दुसरा त्याच खड्ड्यात पडायचा नाही. झरीचा एक सुतार, पाथरीचा एक शिंपी, सोनपेठच्या बाजारात पान विकणारा एक जण, असे कितीतरी लोक त्या वहीत लिहून गेले होते. माझ्या पेटीच्या नकाशाच्या कडेला सात जणांचं अक्षर होतं. सातवं माझं.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या अलीकडं. आम्ही बौद्ध. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि आजूबाजूच्या गावांत आमच्या लोकांची घरं जळाली. आमच्या गावात घरं जळाली नाहीत. आमच्या गावानं नुसतं सगळं बंद केलं. शेतातलं काम बंद, दुकानातला माल बंद आणि माझी पेटी बंद. ज्यांच्या लग्नात माझे भोंगे वाजले होते ते तालुक्याहून पेटी आणायला लागले. माझे दोन्ही भोंगे आढ्याला टांगलेले राहिले आणि चिमण्यांनी त्यात घरं केली. मी कुणाच्या दारात विचारायला गेलो नाही. बायको म्हणायची, जरा जाऊन तर बघा. मी गेलो नाही.

मग लोकांनाच कंटाळा आला. तालुक्याची पेटी वेळेवर यायची नाही, आली तर शिट्टी मारायची. एक लग्न आलं, दुसरं आलं. आणि सात वर्षांनी शिवनाम सप्ताहाचं बोलावणं आलं.

गावात लिंगायतांची पंचवीसेक घरं. काही दुकानदार, काही शेतकरी. दरसाल महादेवाच्या देवळापुढं सात दिवस मांडव पडायचा. कीर्तन दुपारी चारला असायचं, कारण रात्री लाईटचा भरवसा नव्हता आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना उजेडी परत जाता यावं. मांडवाच्या उजव्या कोपऱ्यात, शेवटच्या खांबाशी, माझी पेटी ठेवायला जागा मिळाली. खांबाच्या बाहेर, पण छपराखाली. तो कोपरा माझा होता. वस्तीतली एकच वस्तू त्या मांडवात होती, आणि ती माझी पेटी होती. हे लक्षात ठेवलं म्हणजे पुढं मी जे केलं ते का केलं ते कळेल.

कोपरा मिळाला त्याला चार वर्षं झाली आणि महाराज पडले.

हे कीर्तनकार महाराज साठीच्या घरातले, पण कीर्तनात नाचायचे. गळ्यात वीणा, एका हातात चिपळ्या, मग माईक धरायचा कशानं? म्हणून त्यांचा शिष्य माईक दस्तीनं त्यांच्या गळ्याशी बांधायचा आणि त्याची लांब वायर मागं माझ्या पेटीपर्यंत सोडायचा. त्या साली नाचता नाचता वायर पायात आली आणि महाराज चौरंगावरून खाली आले. गुडघ्यावर पडले. वीणा वाचली, गुडघा गेला.

पुढच्या सप्ताहाला महिना राहिला असताना सप्ताहाच्या कमिटीच्या प्रमुखांनी मला बोलावलं. त्यांचं किराणा दुकान होतं, सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, मी बी म्हणायचो. मला दुकानाच्या पायरीखाली उभं केलं, आणि गिऱ्हाईकं असताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"म्हाराजांचा गुडघा अजून वाकत न्हाई. तुझी वायर."

"वायर माझी, आप्पा. पर ती नाचताना गुतली."

"म्हंजी म्हाराजांची चूक?"

"कुणाची चूक म्हणलो न्हाई."

"तुमचे लोक इद्यापीठाचं नाव बदलायला निघालेत. तू आधी तुझी वायर बदल."

गिऱ्हाईकं हसली. आप्पांनी गल्ल्यामागून एक पुठ्ठ्याची खोकी काढली. महाराजांचा एक भक्त आखातात फिटर होता, त्यानं पाठवलेली. आत काड्यापेटीएवढी काळी डबी, कॉलरला चिमटा लावून अडकवायचा बोराएवढा माईक, आणि डबीतून लोंबणारी हातभर बारीक वायर, एरियलसारखी. पेटीपर्यंत वायरच नाही. माईकमध्ये बोललेलं हवेतून जायचं आणि पेटीनं ते धरायचं. पण धरणारी वस्तू खोक्यात नव्हती.

आप्पांनी अट घातली. हा माईक तुझ्या पेटीवर बोलला तर कोपरा तुझा. नाही बोलला तर कमिटी तालुक्याची कंपनीची पेटी आणणार, उभा माईक लावणार आणि महाराज एका जागी उभं राहून कीर्तन करणार. आणि डबी उघडायची नाही, परदेशी माल आहे, भक्तानं श्रद्धेनं दिलाय.

मी खोकी उचलली. पाय दुखेपर्यंत उभं ठेवलं होतं मला, पण तसं काही दाखवलं नाही.

दोन दिवसांनी तालुक्याचा साउंडवाला मांडवाची जागा मोजायला आला. माणूस वाईट नव्हता. मी त्याला डबी दाखवली. त्यानं उलटीपालटी करून बघितली आणि परत दिली. म्हणला, ह्याचा बँडच आपल्याकडं नाही, हा जपानचा दिसतो. कंपनीच्या पुस्तकात असला माईक नाही, म्हणजे चालत नाही.

"पुस्तक कुणी लिवलं?" मी विचारलं.

"कंपनीनं."

"मग कंपनीला म्हाईत नसंल."

"मिस्त्री, कंपनीला म्हाईत न्हाई आन् तुमाला व्हईल?"

मी म्हणलं, बघू. हा 'बघू' मी आयुष्यात लय लोकांना ऐकवला आहे.

परभणीला गेलो. उस्तादांचं वय झालं होतं, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. त्यांनी डबीच्या पाठीवर भिंग धरलं. परदेशी लिपीतली अक्षरं होती, ती दोघांनाही कळली नाहीत, पण एक आकडा होता, ऐंशी. मग त्यांनी फळीवरून एक मोडका टेप काढला. आखातातून आलेला, कॅसेटची बाजू गेलेली, रेडिओची चांगली. त्यात एफ. एम. नावाचा बँड होता. त्या काळी आमच्या भागात त्या बँडवर काहीच लागत नसे, नुसती खरखर. लोकांना वाटायचं तो भाग उगाच दिलाय. उस्ताद म्हणले, असले माईक ह्याच बँडवर बोलतात. पण त्या टेपचा काटा अठ्ठ्याऐंशीला सुरू होऊन एकशे आठला संपत होता.

"तेरा माईक ऐंशी पे बैठा है," उस्ताद म्हणले. "उसकू ऊपर नई ला सकता, तो रेडिओकू नीचे ले जा."

"कसं?"

"वही में नई है. तू लिख."

टेपमधला तेवढा भाग कापून दिला आणि चहा पाजला. बसमध्ये मी तो भाग मांडीवर दस्तीत गुंडाळून आणला, अंडी आणावीत तसा.

घरी उघडून बसलो. त्या भागात तांब्याच्या तारेची बारीक कॉईल होती, पाच वेढ्यांची. काटा कुठं लागायचा ते ती कॉईल ठरवते, एवढं मला माहीत होतं. वेढे कमीजास्त केले की काटा सरकणार. प्रश्न असा की कमी करायचे का जास्त. मी डोकं लावलं. ऐंशी हा आकडा अठ्ठ्याऐंशीपेक्षा लहान. मग वेढा बी एक कमी पाहिजे. चार वेढ्यांची कॉईल केली आणि कथिलाचा डाग देऊन बसवली.

आता हवेतून काही येतंय का ते बघायला कुणीतरी सारखं बोलत राहायला पाहिजे. म्हणून गजराचं घड्याळ पाटावर ठेवलं आणि माईक त्याच्या पुढं. घड्याळ काही थकत नाही. मी ओसरीत बसून काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचो आणि टिकटिक शोधायचो. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. नुसती खरखर. बायको येता जाता बघायची.

"घड्याळाला कीर्तन शिकवायलाव का?"

"त्याला येतंय. मला ऐकू यीना."

"मग कान दाखवा की डॉक्टरला."

पाचव्या दिवशी मी काम बाजूला सारलं आणि शेजाऱ्याचा साधा रेडिओ दुरुस्तीला आला होता तो उघडला. त्यात मीडियम वेव्हची कॉईल होती, शेकडो वेढ्यांची. तिच्या शेजारी शॉर्ट वेव्हची, थोड्याच वेढ्यांची. ह्या दोन्ही कॉईली मी वीस वर्षं हाताळत होतो. मीडियम वेव्ह म्हणजे खालचा आकडा, शॉर्ट वेव्ह म्हणजे वरचा. म्हणजे जिथं वेढे जास्त तिथं आकडा खाली. मी रेडिओ मांडीवर घेऊन तसाच बसलो. वीस वर्षं जे हाताला माहीत होतं ते डोक्याला विचारलं नव्हतं, आणि डोक्यानं आपली दुकानदारी चालवली होती. चार दिवस मी काटा खाली न्यायचा सोडून वर ढकलत होतो.

ही चूक मी पुढं उस्तादांच्या वहीत लिहिली. मोठ्या अक्षरात.

सहा वेढ्यांची कॉईल केली. काटा फिरवला आणि खालच्या टोकाशी, खरखरीच्या पलीकडं, कुणीतरी लांबून सुपारी फोडावी तसं टिक, टिक. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन वेढे जरा नीट करायला गेलो तर टिकटिक पळाली. स्क्रूड्रायव्हर मागं घेतला, आली. पुढं नेला, पळाली. धातू जवळ आलेला तिला चालत नव्हता. मग तुराटीची काडी घेतली, चाकूनं चपटी केली आणि तिनं एक एक वेढा केसाएवढा सरकवत गेलो. टिकटिक जवळ येत गेली. शेवटी घड्याळ माझ्या मांडीवर असल्यागत वाजायला लागलं. मेणबत्ती पेटवून वेढ्यांवर मेणाचे दोन थेंब पाडले, म्हणजे ते हलायचे नाहीत.

तो भाग पेटीला जोडला, भोंगा लिंबावर चढवला आणि बायकोच्या पदराला माईक लावून तिला म्हणलं, ओढ्यापर्यंत जा आणि बोलत राहा. काय बोलू म्हणली. म्हणलं, काही बी बोल. ती निघाली, आणि लिंबावरून सगळ्या वस्तीला ऐकू गेलं की ह्या माणसानं आठ दिवसांत एक लाकूड फोडलं न्हाई, चुलीत काय घालू, घड्याळ घालू का? ओढ्यापर्यंत एक शब्द तुटला नाही. वस्तीतले लोक बाहेर येऊन हसत होते. मी बी हसलो. मग आणखी चार जणांच्या अंगावर लावून बघितलं, कुणी नाचून दाखवलं, कुणी पळून. कुठं अडलं नाही. मी आप्पांना निरोप दिला, पेटी तयार आहे.

सप्ताहाचा पहिला दिवस. मांडव भरलेला, बायका एकीकडं, माणसं एकीकडं. आप्पांनी तालुक्याची पेटी टेम्पोत घालून आणून ठेवलीच होती, बाभळीखाली. म्हणले, अडलं तर असावी. साउंडवाला टेम्पोच्या पायरीवर बसून बिडी ओढत होता. मला बघून त्यानं मान हलवली, मी बी हलवली.

महाराज लंगडत आले, चौरंगावर चढले. माईक लावायला मला वर बोलावलं नाही. आप्पांनी माझ्या हातातून डबी घेतली आणि महाराजांच्या शिष्याला दिली. तिशीतला, सरळ माणूस तो. त्यानं डबी महाराजांच्या छातीवरच्या खिशात ठेवली, माईक कॉलरला लावला आणि वायर खाली सोडून दिली. मी माझ्या कोपऱ्यात पेटीशी बसलो.

महाराजांनी नमन धरलं. पहिले दोन शब्द असे आले की मागच्या बायका दचकल्या. तिसऱ्या शब्दाला आवाज गेला. नुसती खरखर. महाराज थोडे सरळ झाले, आवाज आला. पुढं वाकले, गेला. वीणेचा हात हलवला, अर्धा शब्द आला, अर्धा गेला. माणसांच्या बाजूनं हसू फुटलं. कुणीतरी म्हणलं, "घरचीच हाय ती, घरीच बोलती."

आप्पांनी बाभळीकडं हात केला. साउंडवाल्यानं बिडी विझवली.

मी पेटीवरचं एक बटण फिरवलं नाही. मी महाराजांच्या छातीकडं बघत होतो. त्यांच्या गळ्यात त्यांचं इष्टलिंग होतं, चांदीच्या डबीत, दोऱ्यात ओवलेलं. ते वाकले की ती चांदीची डबी पुढं यायची आणि वायरीला टेकायची. सरळ झाले की बाजूला. टेकली की आवाज गेला, सुटली की आला. स्क्रूड्रायव्हर आणि टिकटिक, तोच खेळ. वस्तीत मी पाच जणांच्या अंगावर माईक लावून बघितला होता, पण आमच्या वस्तीत कुणाच्या गळ्यात चांदीची डबी नसते. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी उठलो आणि खांबाच्या आत गेलो. पाच वर्षांत पहिल्यांदा गेलो. चौरंगाच्या खाली उभं राहून आप्पांना म्हणलं, पेटी चांगली आहे, माईक चांगला आहे, वायर चांदीला टेकते. दुसरीकडं घ्यावी लागेल.

आप्पा म्हणले, "काय करायचं ते सांग. हा करील." आणि शिष्याकडं बोट दाखवलं.

करायचं काय होतं ते मला दिसत होतं. लिंगाच्या डबीला दुसऱ्यानं हात लावायचा नसतो, त्यांच्यातल्यानं सुद्धा, आणि ती बाजूला करा असं म्हणायचं माझ्या मनात बी नव्हतं. माईकची डबी बगलेच्या खिशात घालायची, वायर मानेमागून वर न्यायची आणि फेट्याच्या वेढ्यात घालायची. म्हणजे ती चांदीपासून हातभर लांब, आणि वर मोकळ्या हवेत. एवढंच. दोन शब्दांत सांगता आलं असतं. शिष्यानं केलं असतं. आप्पांनी स्वतः केलं असतं. कुणीबी केलं असतं.

मी ते सांगितलं नाही.

"फेट्यात घालावी लागंल," मी म्हणलं. "फेटा सोडून परत बांधावा लागंल. वेढे मोजून घालावे लागत्यात, एक चुकला तर आवाज गेला. मीच घालतो."

मांडवात ऐकू गेलं असणार, कारण हसणारे गप्प झाले. आप्पा जवळ आले आणि हळू बोलले, "तू म्हाराजांच्या डोक्याला हात लावणार? सगळ्यांच्या देखत?"

"न्हाईतर भोंगे उतरवतो, आप्पा. टेम्पो उभाच हाय."

मी हे ताठ मानेनं म्हणलं आणि खरंच उतरवले असते. पण खोटं बोललो होतो हे बी तितकंच खरं. आज इतक्या वर्षांनी त्याची मला लाज वाटत नाही. ज्या माणसाची पेटी सात दिवस तुमच्या देवाचं नाव सगळ्या शिवाराला ऐकवते, त्या माणसाचा हात तुम्हाला फक्त वायरीच्या दुसऱ्या टोकाला चालतो. वायरच नसेल तर हात कुठं ठेवणार? त्या दिवशी मला तेवढं विचारायचं होतं. मला भाषण करता येत नाही, वायर घालता येते.

महाराज चौरंगावरून सगळं ऐकत होते. एक हात दुखऱ्या गुडघ्यावर. त्यांनी आप्पांना हाक मारली.

"आप्पा, हे डोकं माझं हाय का कमिटीचं?"

आप्पांनी शिष्याकडं बघितलं.

"माझं हाय ना? मग मिस्त्रीला पाट द्या उभं राहायला. चार वाजून गेलेत."

पाट आला. मी पायातलं काढलं आणि पाटावर उभा राहिलो. महाराज चौरंगाच्या कडेवर बसले, दुखरा पाय लांब करून. त्यांचा फेटा मी सोडला, भगवा, धुऊन धुऊन मऊ झालेला. आत डोक्याला घाम होता, पांढरे बारीक केस. मी माईकची डबी त्यांच्याच हातानं बगलेच्या खिशात ठेवून घेतली, वायर मानेमागून वर घेतली आणि फेट्याचा पहिला वेढा घातला. दुसरा घातला. मांडवात पाचशे माणसं असतील नसतील, सगळ्यांच्या माना वर झालेल्या. जयंतीला वस्तीतल्या किती जणांचे फेटे मी बांधले असतील, हाताला सवय होती. तरी एवढ्या लोकांपुढं एक बी वेढा सैल पडू नये म्हणून मी प्रत्येक वेढा जास्तच ओढून घेत होतो. आणि तोंडानं मोजत होतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. एक, दोन, तीन. मोजायचं काही नव्हतं.

शेवटचा पदर खोचला, खाली उतरलो, पायात घातलं आणि माझ्या कोपऱ्यात जाऊन बसलो.

महाराजांनी नमन पहिल्यापासून धरलं. ते वाकले, आवाज राहिला. वळले, राहिला. मग त्यांनी दुखरा पाय जपत, एकाच पायावर, थोडं नाचून बघितलं. पायात काही आलं नाही. मग ते सगळ्या मांडवभर फिरले, बायकांच्या बाजूला गेले, मागं पोरांत गेले, माझ्या कोपऱ्यापर्यंत आले आणि तिथं उभं राहून एक अख्खं कडवं म्हणले. माणसं डोलायला लागली. तो आवाज ओढ्याच्या अलीकडं आमच्या वस्तीत स्वच्छ येत होता, असं बायकोनं नंतर सांगितलं. तिला कीर्तनातलं फारसं काही आवडत नसे, पण म्हणली, लाकूड फोडलं न्हाई ते चाललं आज.

कीर्तन चालू असतानाच टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. साउंडवाला जाताना माझ्याकडं आला, माझ्या उघड्या पेटीत वाकून बघितलं आणि विचारलं, हे कॉईलचं कसं केलं. मी म्हणलं, परभणीला एक वही आहे, तिथं लिहिणार आहे, येऊन उतरवून घे. त्याच्यापासून काय लपवायचं?

माणसं पांगल्यावर शिष्य आला, महाराज बोलावतात म्हणला. देवळाच्या ओसरीत महाराज भिंतीला टेकून बसले होते, गुडघ्याला कुणीतरी तेल चोळत होतं. त्याला त्यांनी जायला सांगितलं. मी फेटा सोडायला लागलो. पदर मोकळा होत गेला, शेवटी वायर हाताला लागली.

"किती वेढे घातलेस?" महाराजांनी विचारलं.

मी थांबलो. खोटं एकदा बोललो होतो, सगळ्या मांडवापुढं. इथं आम्ही दोघंच होतो. दोघांतच खोटं बोलायला मला आवडलं नाही.

"मोजायचे नव्हते, म्हाराज. किती बी चालले असते."

"मग मीच घालतो म्हणलास ते?"

"कुणीबी घातली असती. तुमच्या शिष्यानं घातली असती."

महाराज माझ्याकडं बघत राहिले. रागावले होते, ते दिसत होतं. मी फेट्याची घडी घालत राहिलो, कारण हातांना काहीतरी करायला पाहिजे होतं.

"म्हंजी फसवलंस मला."

"व्हय."

"आप्पाला सांगू का?"

"सांगा."

ओसरीसमोर लोक मांडवातल्या सतरंज्या झटकत होते, धूळ आत येत होती. महाराजांनी माझ्या हातातली घडी घेतली, बघितली, मांडीवर ठेवली. मग कानामागं बोट घालून चोळलं.

"उद्या चारच्या आधी ये," ते म्हणले. "आन् डाव्या कानावर येवढं आवळू नगं. ठणकायलाय मघापून."

दुसऱ्या दिवशी मी पावणेचारला गेलो. त्यानंतरचे पाचही दिवस गेलो. आप्पांनी पाट स्वतः ठेवायला लावला का कुणी आपल्या मनानं ठेवला ते मला माहीत नाही, पण पाट रोज तिथं असायचा. फेटा मात्र मी सैल बांधला नाही. सैल बांधला तर नाचताना सुटतो.